व्यासपीठावरून खाली

'आदरणीय व्यासपीठ, परीक्षक महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो...' मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवलं तरी ही सुरुवात बिनचूक म्हणून दाखवता येईल. पुढचा विषय लोकमान्य टिळक असो नाहीतर प्लास्टिकमुक्ती, सूर तोच. पहिल्या वाक्याला छाती पुढे, तिसऱ्याला उजवा हात वर, आणि शेवटच्या 'जय हिंद, जय महाराष्ट्र'ला आवाज थेट पटांगणापलीकडच्या भिंतीवर. आपल्याकडे बोलायला शिकणं पिढ्यानपिढ्या याच वाटेने झालं आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ची. पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या, गणेशोत्सवाने मांडव दिला, निवडणुकांनी प्रचारसभा दिल्या. समोर हजार माणसं, मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे, टाळ्या आल्या पाहिजेत. चांगला बोलणारा म्हणजे सभा जिंकणारा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते असं.

आता हीच पोरं-पोरी मोठी होऊन पॉडकास्ट करायला बसली आहेत. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल मराठी पुस्तकं घेऊन आलं, त्याच वर्षी बीबीसी मराठी सुरू झालं आणि पुढे 'गोष्ट दुनियेची' ऐकू येऊ लागली. 'अमुक तमुक', सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' ही नावं आता घरात बोलण्याच्या ओघात येतात. तालुक्याच्या गावीही कुणी ना कुणी शर्टाला कॉलर माईक अडकवून बसलेला दिसतो. विषयांना तोटा नाही. शेती, स्पर्धा परीक्षा, भुताच्या गोष्टी, किल्ले, शेअर बाजार, बाळंतपण. गाडी अडते ती बोलण्यापाशी. 'सगळं येतं हो, पण बोलायचा कॉन्फिडन्स नाही,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू येतं. मग कुणीतरी सुचवतं, प्रभावी वक्तृत्वाचा एखादा क्लास लाव. तिथे पुन्हा छाती पुढे आणि हात वर.

इथेच घोळ आहे. पॉडकास्ट ऐकणारा माणूस जवळजवळ नेहमी एकटा असतो. डोंबिवली फास्टच्या दाराशी उभा असतो, भांडी घासत असतो, रात्रपाळीत गेटवर बसलेला असतो. त्याच्या कानात इअरफोन असतो, म्हणजे तुमचं तोंड आणि त्याचा कान यांच्यात बोटभर अंतर. त्या अंतरावरून कुणी सभा जिंकायला निघालं तर तो दुसऱ्या मिनिटाला अंगठा सरकवून मोकळा होतो. ज्याला आपण आत्मविश्वासाचा अभाव म्हणतो, तो बहुतेक वेळा चुकीचा आवाज काढायच्या धडपडीतून आलेला असतो.

*

गेल्या उन्हाळ्यात कर्वेनगरातल्या एका वन बीएचकेमध्ये एक रेकॉर्डिंग जवळून बघायला मिळालं. जालन्याहून पुण्यात नोकरीला आलेली मुलगी, आणि तिचं काम सांभाळणारा तिचा कॉलेजातला मित्र. खिडकीवर आजीची गोधडी टाकलेली. कपाटाची दारं सताड उघडी, कारण लटकवलेले कपडे आवाजाचा घुमारा खातात. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला आणि तो विसरू नये म्हणून फ्रिजवर चप्पल ठेवलेली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकर लागला होता, त्याच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत रेकॉर्डिंग थांबलेलं. त्या वेळात ती मावशीच्या लग्नातला एक किस्सा सांगत होती. वऱ्हाडाचा टेम्पो भोकरदनच्या रस्त्यावर कसा बंद पडला आणि नवरदेव ट्रॅक्टरवर कसा आला. हातवारे, नकला, मध्येच आवाज खाली आणून सांगितलेली मावशीची शिवी. आम्ही हसून बेजार.

शिट्ट्या संपल्या. मित्राने बटण दाबलं. 'नमस्कार श्रोतेहो, आज आपण एका अतिशय महत्त्वपूर्ण विषयावर चर्चा करणार आहोत.' आवाज दोन-तीन सूर वर चढलेला, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला, आणि मघाची मुलगी खोलीतून गायब. चार वेळा रेकॉर्डिंग झालं, चारही वेळा तेच. मग मित्र म्हणाला, 'झालं गं, जमलं, चल चहा टाक.' ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, 'काय बोर झालं यार. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं, की...' आणि पुढची सहा-सात मिनिटं ती जे बोलली, तो त्या भागाचा जीव होता. मित्राने बटण बंद केलंच नव्हतं. रेडिओवर काम केलेल्या लोकांना ही चलाखी जुनीच आहे. मुलाखत संपली असं सांगितल्यावरच पाहुणा खरा बोलू लागतो, हे ते जाणून असतात. मित्राने तिला नंतर ते ऐकवलं, आणि तिच्या परवानगीनेच ते भागात गेलं. ही अट मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ती न पाळणारे पुष्कळ आहेत.

*

या अडचणीवर शंभर वर्षांपूर्वीच विचार झालेला आहे. हिल्डा मॅथेसन ही १९२७मध्ये बीबीसीच्या भाषण विभागाची पहिली संचालक झाली. तेव्हा रेडिओवर येणारे लोक म्हणजे प्राध्यापक, पाद्री, खासदार. प्रत्येकजण आपापलं व्यासपीठ सोबत घेऊनच यायचा. प्राध्यापक वर्गाला शिकवल्यासारखे, पाद्री प्रवचनासारखे, खासदार जाहीर सभेसारखे. मॅथेसनबाईंनी ओळखलं की ऐकणारा आपल्या घरात, खुर्चीत, एकटा किंवा दोघा-तिघांत बसलेला आहे. त्यांनी वक्त्यांकडून लेख आधी मागवायला सुरुवात केली, ते बोलीत उतरवून घेतले आणि माईकसमोर तालमी घेतल्या. त्यांचं 'ब्रॉडकास्टिंग' हे पुस्तक १९३३चं. त्याच वर्षी १२ मार्चच्या रात्री अमेरिकेत रूझवेल्ट रेडिओवर बसले आणि बँका का बंद आहेत, हे लोकांना घरी आलेल्या पाहुण्यासारखं समजावून सांगू लागले. पुढे ती त्यांची प्रसिद्ध 'शेकोटीभोवतीची बोलणी' झाली.

मॅथेसनबाईंच्या हाताखाली लायोनेल फील्डन नावाचा एक सहायक होता. १९३५मध्ये तोच हिंदुस्थानात नभोवाणीचा पहिला नियंत्रक होऊन आला, आणि १९३६मध्ये तिचं नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झालं ते त्याच्या कारकिर्दीत. म्हणजे एका माणसाशी बोलण्याचा हा धडा आपल्याकडे फार लांबून आलेला नाही. आणि मराठीत तो ज्यांनी गिरवला, त्यांनी तो साहेबापेक्षा बरा गिरवला असं माझं मत आहे. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकर टेकाडे भावजी व्हायचे, नीलम प्रभू मीना वहिनी आणि प्रभाकर जोशी पंत. तिघं फक्त बोलायचे. घरातल्या खर्चाबद्दल, रेशनबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. ऐकणाऱ्या बायांना ती माणसं आपल्याच चाळीतली वाटायची. पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांनी वर्षानुवर्षं नोकरी केली. हेच माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार नंतर गावोगाव कथाकथनं करत हिंडले, आणि तिकीट काढून लोक नुसतं ऐकायला आले. पॉडकास्ट हे परदेशातून आलेलं नवीन खूळ आहे, असं मानणाऱ्यांनी हे तिघं आठवावेत. शेकडो लोकांसमोर बसूनही त्यांनी सभेला भाषण दिलं नाही. गोष्ट सांगितली.

*

आता थोडं शरीराचं. कारण 'कॉन्फिडन्स'चा निम्मा प्रश्न श्वासाचा असतो आणि तो कुणी श्वासाचा म्हणून बघत नाही.

सगळ्यात आधी, आपला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून कसनुसं होतं, त्याबद्दल. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो. एक हवेतून, कानाच्या पडद्यावर. दुसरी कवटीच्या हाडांतून, थेट आतल्या कानात. हाडं खालचे सूर चांगले वाहून नेतात, त्यामुळे स्वतःचा आवाज आपल्याला आहे त्याहून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट बंद, म्हणून आवाज पातळ आणि परका लागतो. होल्झमन आणि राऊझी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६मध्येच यावर लिहून ठेवलं आहे. त्यांचा मुद्दा असा, की नुसतं वेगळं ऐकू येतं एवढ्याने माणूस दचकत नाही. आपल्या आवाजातून आपल्याला नको असलेलं बरंच काही बाहेर पडतं आणि ते ऐकून तो दचकतो. आपली घाई, आपली भीती, आपलं लाडात बोलणं. पण जो आवाज तुम्हाला परका वाटतो, तोच तुमच्या बायकोला, मित्रांना, बँकेतल्या कारकुनाला कायम ऐकू येत आला आहे. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. रोज दहा मिनिटं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकण्याचा शिरस्ता ठेवला, की दोन-चार आठवड्यांत तो परकेपणा बोथट होतो. दुसरा उपाय मला माहीत नाही.

श्वासाचं मराठीपुरतं एक खास दुखणं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि त्याच्याही मागून 'नाही' येतं. 'जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्यांनी गेल्या हंगामात अर्ज केले होते त्यांना अजून अनुदान मिळालेलं नाही.' हे वाक्य एका दमात म्हणून बघा. 'मिळालेलं'पर्यंत छाती रिकामी होते, आवाज घशात घसरतो आणि 'नाही' हे ओठांतल्या ओठांत जिरतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मिळालं! इंग्रजी बोलणारा वाक्याच्या शेवटी थकला तर फार तर एखादा तपशील बुडतो. मराठी बोलणारा शेवटी थकला तर अर्थच उलटा होतो. म्हणून मराठीत बोलणाऱ्याने श्वास शेवटच्या शब्दासाठी राखून ठेवायचा असतो. त्यासाठी वाक्यं आखूड हवीत, आणि श्वास खांदे उचलून नव्हे तर पोट फुगवून घ्यायला हवा. पोटावर हात ठेवून एक परिच्छेद वाचला तरी फरक कळतो. जो माणूस धापा टाकत बोलतो तो घाबरलेला ऐकू येतो, मग आतून तो कितीही निर्धास्त असो.

या शास्त्राला मराठीत एक मोठा माणूस लाभला होता. डॉ. अशोक दा. रानडे यांनी गायक, नट, निवेदक अशा सगळ्यांच्या आवाजाकडे एकत्र बघितलं आणि आवाजाची जोपासना हा शिकवण्याचा विषय करून दाखवला. दुसरं नाव डॉ. श्रीराम लागूंचं. १९७०च्या डिसेंबरमध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आलं, तेव्हा बेलवलकरांचा तो आवाज काढणारा माणूस कान-नाक-घशाचा शल्यविशारद होता. स्वरयंत्र त्यांनी आतून पाहिलेलं होतं. बाकीच्यांना ते बघायला मिळत नाही, म्हणून घशाच्या बाबतीत आपल्याकडे भलत्या समजुती फार.

उदाहरणार्थ, खडीसाखर आणि ज्येष्ठमध. दोन्ही गोड, दोन्हींनी घशाला बरं वाटतं. पण गिळलेली कुठलीही वस्तू अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळताना ती वाट बंद होते. पाण्याचा घोटही स्वरतंतूंवरून जात नाही. जातो तेव्हा आपल्याला ठसका लागतो. त्यांना ओलावा मिळतो तो शरीरातून, म्हणजे दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून, किंवा वाफेतून. रेकॉर्डिंगच्या आधी गटागटा तांब्या रिकामा करून काही साधत नाही, मध्येच उठावं मात्र लागतं. दुसरी खोड खाकरण्याची. पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. अर्धा तास बोललं की या टकरी लाखाच्या घरात जातात. त्यात दर दोन मिनिटांनी जोरात खाकरणं म्हणजे त्याच तंतूंना वरून तडाखे देणं. खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा.

आवाज तापवायला एक सोपी युक्ती आहे, तिचा पाठपुरावा अमेरिकी संशोधक इंगो टिट्झ यांनी केला. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून बुडबुडे काढत हुंकार भरायचा, खालून वर, वरून खाली. नळीच्या तोंडाशी अडलेली हवा मागे दाब देते, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर हळू आदळतात आणि तरी आवाज पुरता मोकळा होतो. दोन-तीन मिनिटं पुरेत. घरातली मुलं हसतील, हसू द्या. मात्र आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर युक्त्या थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. शाळामास्तरांच्या घशाचं जे होतं, ते पॉडकास्टवाल्यांच्या घशाचंही होऊ शकतं.

*

माईकबद्दल थोडक्यात, कारण यंत्रांवर बोलणारे पुष्कळ आहेत. १९६६पासून बनत असलेला शुअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक माईक आजही मांडवांपासून स्टुडिओंपर्यंत सगळीकडे दिसतो. डायनॅमिक माईकला खोली कमी ऐकू येते, कंडेन्सरला जास्त. तुमच्या खोलीवरून एसटी जात असेल तर कंडेन्सरच्या नादी लागू नका. तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतर ठेवावं. फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो. त्याने आपण भारदस्त वाटतो असं वाटून अनेक पुरुष माईक जवळजवळ गिळतात. तयार भागाची एकूण पातळी ॲपलच्या शिफारशीप्रमाणे उणे १६ एलकेएफएसच्या जवळपास ठेवली, की ऐकणाऱ्याला दर भागाला आवाज कमी-जास्त करत बसावं लागत नाही. पातळीचं काम सॉफ्टवेअर करतं. माईकसमोर ओरडून ती वाढवायची नसते.

एक गोष्ट मात्र इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडायची नाही. तिथे प आणि ब या दोन अक्षरांपासून सावध राहायला सांगतात. आपल्याकडे महाप्राणांची फौज आहे. तळहात तोंडासमोर धरा आणि 'पान' म्हणा, मग 'फणस' म्हणा. मग 'बाकी' आणि 'भाकरी'. 'फ' आणि 'भ' म्हणताना हाताला जो वारा लागतो तोच माईकच्या पडद्यावर धडकतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात धप्प असा आवाज होतो. ख, थ, ध, ठ हेही कमी-अधिक तसेच. उपाय साधा आहे. माईक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा तिरका धरायचा. वारा समोरून निघून जातो, आवाज माईकमध्ये येतो. 'भाऊ, धरणाच्या खालच्या भागात...' अशी सुरुवात असलेला भाग काढणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळतं.

*

पण या सगळ्यापेक्षा खोल बसलेली एक भीती आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला लोक लाजतात. ती भीती 'आपलं मराठी शुद्ध नाही' याची.

'आनि', 'पानी', 'कोनी' असं बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसलं जातं. मग तो आयुष्यभर चारचौघांत गप्प बसतो, नाहीतर ण आणि न यांच्यावर इतका पहारा ठेवतो की काय सांगायचं तेच विसरतो. उलट 'कोन' म्हणायच्या जागी 'कोण' म्हणून बसतो. जालन्याच्या त्या मुलीचा सूर रेकॉर्डिंगला का चढत होता, हे नंतर तिनेच सांगितलं. पुण्यात आल्यावर पहिल्याच नोकरीत तिच्या बोलण्याची नक्कल झाली होती. 'मी माईकसमोर बसले की ते सगळे समोर दिसतात,' ती म्हणाली. ज्याला आपण स्टेजची भीती म्हणतो तिच्यात हसणाऱ्यांचे चेहरे असतात, आणि बहुतेकदा ते चेहरे एकाच पेठेतले असतात. हे लिहिताना मला कुणाला दुखवायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही.

आकाशवाणीने अमिताभ बच्चन यांचा आवाज नाकारल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. मला अमीन सायानी जास्त महत्त्वाचे वाटतात. मुंबईत वाढलेल्या या मुलाने आकाशवाणीवर हिंदी निवेदनासाठी आवाज चाचणी दिली, तेव्हा उच्चारांत इंग्रजी आणि गुजराती डोकावतं म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींमधून सांगितलं आहे. १९५२मध्ये रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं अख्खा देश बुधवारी रात्री त्यांच्यासाठी थांबू लागला. २०२४च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा त्यांच्या 'बहनो और भाइयो'ची आठवण काढणाऱ्यांत शुद्ध हिंदीचे आग्रही फारसे दिसले नाहीत. त्यांच्या भाषेचं गमक घरात होतं. आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक काढत, साध्या हिंदुस्थानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहायचं, हा धडा मुलाने लहानपणीच घेतला होता.

शुद्ध आणि स्पष्ट या दोन वेगळ्या मागण्या आहेत. स्पष्ट बोलावं, हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. शेवटचं अक्षर खाऊ नये, विशेषनामं सावकाश घ्यावीत. जगात राहण्यातला 'ज' आणि जगण्यातला 'ज' वेगळा लागतो तिथे तो वेगळा लागावा, कारण त्याने अर्थ बदलतो. पण वऱ्हाडी हेल, मालवणी लय, अहिराणीतले शब्द, गोव्याकडच्या मराठीतला कोकणीचा ओघ यांत अस्पष्ट काहीच नाही. साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८पासून चालू आहे, ९०.४ मेगाहर्ट्झवर. तिथल्या बाया माणदेशी बोलीत ओव्या गातात, बी-बियाण्यांबद्दल आणि कर्जाबद्दल बोलतात. ते ऐकून कुणाचा अर्थ चुकला असं माझ्या कानावर आलेलं नाही. ज्या बोलीत तुम्ही भांडता, त्याच बोलीत तुमचा आवाज सगळ्यात मोकळा असतो. पॉडकास्ट त्याच बोलीत करावा. श्रोते कमी होतील असं वाटत असेल, तर 'सैराट' चाललं ते आठवावं.

*

सराव म्हणून काय करावं, असं लोक विचारतात. मुद्दे कागदावर काढावेत, वाक्यं काढू नयेत. पूर्ण लिहिल्याशिवाय जमतच नसेल तर लिहिलेलं मोठ्याने वाचावं आणि जिथे 'सदर', 'तथापि', 'महत्त्वपूर्ण' येतं तिथे लाल रेघ मारावी. घरात आपण 'सदर भाजी खारट आहे' असं म्हणत नाही. 'श्रोतेहो'ऐवजी एक माणूस धरावा, खरा, नावागावाचा, आणि भाग संपेपर्यंत त्याच्याशीच बोलावं. काही निवेदक समोर फोटो ठेवत. लहान मुलांना रोज रात्री गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं ही तर सगळ्यात कडक परीक्षा आहे. पोरं कंटाळली की सरळ झोपतात, तोंडदेखलं बसून राहत नाहीत.

'म्हणजे', 'काय आहे ना', 'ॲक्च्युअली' यांची धास्ती घेऊ नये. संपादन करणाऱ्या मुलांना पडद्यावरच्या लाटा बघूनच 'म्हणजे' ओळखता येतो, त्याचा आकार त्यांच्या इतका नजरेत बसलेला असतो. ते एका झटक्यात शंभर 'म्हणजे' उडवू शकतात. पण सगळे उडवले की बोलणं यंत्रासारखं लागतं, म्हणून जाणते संपादक निम्मे ठेवतात. पाहुणा असेल तर दोघांना वेगळे माईक आणि वेगळे ट्रॅक हवेत. मराठी माणूस ऐकताना 'हं', 'हो ना', 'अरे बापरे' म्हणत राहतो. हा हुंकार पाहुण्याला धीर देतो, श्रोत्याला मात्र सतत नको असतो. ट्रॅक वेगळे असले की तो हवा तिथे ठेवता येतो. आणि मुलाखतीत आपण बोलायचं किती, याचं उत्तर मुंबईच्या अमित वर्मांकडे बघून मिळतं. २०१७मध्ये त्यांचा 'द सीन अँड द अनसीन' सुरू झाला, तेव्हाचे भाग छोटे असत. पुढे ते चार-पाच तासांवर आणि काही त्याच्याही पलीकडे गेले, ते मुख्यतः पाहुण्याला बोलू दिल्यामुळे. ऐकणारे टिकले. लोकांना आता तीस सेकंदांपलीकडे काही ऐकवत नाही, हे म्हणणं मला तेव्हापासून पटेनासं झालं आहे.

बाकी क्लासची फी भरण्याआधी एक करा. आपल्याकडे सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी', नाशिकला 'रेडिओ विश्वास', बारामतीत 'शारदा कृषी वाहिनी', म्हसवडला 'माणदेशी तरंग'. शंभर वॅटचं प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. सरकारी नियमच असा आहे की त्यांचा निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, आणि होईल तितका तिथल्या बोलीत व्हावा. म्हणजे त्यांना तुमच्या आवाजाची गरज आहे, तुमच्या गावच्या हेलासकट. फोन करून विचारा, कधी येऊ.